एकचाकी सायकल : अठरा वर्षांनी पुन्हा, आणि डाव्या पायाखाली टक् टक्

एकपाद

मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत बाल्कनीतल्या कपाटामागून माझी एकचाकी निघाली. बायकोने हातातला झाडू खाली न ठेवताच निकाल दिला, "चालव, नाहीतर भंगारवाल्याला दे. मला ती जागा कपड्यांच्या स्टँडला हवी आहे." म्हणून हा धागा.

थोडी पूर्वपीठिका. २००२ साली अमेरिकेत शिकत असताना विद्यापीठाच्या जगलिंग क्लबात हा नाद लागला. साठ डॉलरला सेकंडहँड २४ इंची घेतली, टेनिस कोर्टाच्या जाळीला धरून तीन आठवडे धडपडलो आणि पुढे तिच्यावरून लेक्चरला जाऊ लागलो. २००६ मध्ये पुण्याला परत येताना सामानातून ती आणली. वर्षभर पहाटे सोसायटीत चालवली. मग मुलगी झाली, आणि एकचाकी कपाटामागे गेली ती आजपर्यंत. आता माझं वय ४७, वजन ८२.

बाहेर काढली तेव्हाची अवस्था : टायरला भेगा, क्रोमवर गंजाचे ठिपके, सीटमधला फोम चहात बुडवलेल्या पार्ले बिस्किटासारखा. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "दुसरं चाक कुठंय?" पण माणूस कामाचा. चाक काढून तासाभरात नवा टायर, नवी ट्यूब घालून दिली, आणि चाकाचा आऊटही, म्हणजे रिंगचा वाकडेपणा, काढून दिला.

पार्किंगमधल्या खांबाला धरून चढलो, हात सोडला, आणि काय सांगू! दहा मीटर गेलो. डोक्याला काही आठवत नव्हतं, कमरेला सगळं आठवत होतं. मात्र खांबाशिवाय चढणं साफ विसरलोय. डावी नडगी सोलून निघाली आहे.

आता प्रश्न :
खांबाशिवाय चढायचं कसं? या वयात काय जपायचं? आणि तिसरा, सगळ्यात छळणारा : चौथ्या दिवसापासून डाव्या पायाखाली टक् असा आवाज येतोय. दर फेऱ्याला एकदाच. हे काय असेल?

फाटकी छत्री

मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वास्तववादी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सत्तेचाळीसाव्या वर्षी रोज पाऊण तास चालावं. एका चाकावर बसून जगाला काय सिद्ध करायचं आहे? मनगट मोडलं तर सहा आठवडे आंघोळसुद्धा दुसऱ्याच्या मदतीने.

चाकवत

@वास्तववादी, जगाला काही सिद्ध करायचं नाहीये, बायकोला करायचंय. धागा नीट वाचा.

@एकपाद, मी स्वतः ४१ व्या वर्षी शिकलो, त्यामुळे चढण्याबद्दल सांगू शकतो. नडगी सोलते याचा अर्थ तुम्ही मागच्या पेडलवर जोर देताय. सीट मांड्यांमध्ये धरून चाक पुढे ठेवायचं. तुमच्याकडचं पेडल आडव्या रेषेच्या जरा खाली हवं, घड्याळात चार वाजल्यासारखं. त्यावर पाय ठेवायचा, पण दाबायचा नाही. दाबलं की चाक मागे तुमच्याकडे पळतं आणि दुसरं पेडल नडगीवर येतं. सगळं वजन सीटवर टाकत, जमिनीवरच्या पायाने उडी मारून चाकाच्या वर जायचं. पेडल जिथे आहे तिथेच राहायला हवं. सुरुवातीला चाकामागे फूटपाथची कड किंवा एखादी वीट ठेवा, म्हणजे चाक मागे येणारच नाही. शंभरदा करा. नव्वद वेळा फसेल, उरलेल्या दहांसाठी पेढे.

आणि दात्यांची धातूची पेडलं असतील तर आजच काढून प्लास्टिकची लावा. ते दात बुटाला धरतात म्हणून बरे, पण नडगीवर नांगर फिरवतात. पोराचे फुटबॉलचे शिनगार्ड असतील तर तेही बांधा.

हाडवैद्य

धागा वाचला आणि दवाखान्याची वेळ अर्ध्या तासाने वाढवली.

गंमत जाऊ द्या. एकचाकीवरून माणूस बहुतेक वेळा पायांवरच उतरतो, कारण पुढे हँडल नसतं, अडकायला काही नसतं. धोका असतो तो तोल मागे गेला की. तेव्हा माणूस हात मागे टेकवतो आणि मनगटाचं हाड जातं. स्केटिंगवाल्यांचे मनगटाचे गार्ड मिळतात, आत कडक पट्टी असलेले. ते आणि हेल्मेट, याबाबत तडजोड नको.

दुसरी गोष्ट गुडघे. एकचाकीला फ्रीव्हील नसतं. पाय थांबले की चाक थांबतं आणि चाक फिरलं की पाय फिरतात. म्हणजे वेग कमी करायचा तर पेडलला उलटा रेटा द्यायचा, आणि तो भार थेट गुडघ्यावर येतो. पहिला महिनाभर उतारावर अजिबात जाऊ नका. सीटची उंचीही बघा. बऱ्याच जणांची सीट खूप खाली असते आणि मग मांड्या दहा मिनिटांत भरून येतात. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळपास सरळ व्हायला हवा.

@वास्तववादी, चालायला जाणाऱ्यांचीही मनगटं मोडतात हो. पेव्हर ब्लॉकवर.

निवांत नाना

बाडिस, म्हणजे बाय डिफॉल्ट सहमत. पेव्हर ब्लॉकवर वेगळा धागा काढा, तो हजारी होईल.

गुहागरी

आवाजाचं म्हणाल तर बेअरिंग गेलं असणार. अठरा वर्षं पडून आहे. आत डब्ल्यूडी-४० मारा भरपूर, चाक फिरवा, पुन्हा मारा. आमच्याकडे खाऱ्या हवेत दार, कुलूप, सायकल, सगळं त्याच्यावरच चालतं.

मेघना_मिनेसोटा

थांबा थांबा थांबा! @गुहागरी, कुलपाला मारा, बेअरिंगला नको. एकचाकीचं बेअरिंग बहुतेक सीलबंद असतं, आत ग्रीस भरलेलं. तो स्प्रे आत शिरला की ग्रीस पातळ होऊन वाहून जातं. दोन दिवस चाक गुळगुळीत फिरतं आणि मग कायमचं खरखरायला लागतं. सीलबंद बेअरिंगची देखभाल म्हणजे त्याच्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही, आणि गेलं की बदलायचं. बाहेरच्या कडीवर नंबर असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जायचं.

@एकपाद, एक सोपी तपासणी. सीट धरून एकचाकी उचला आणि चाक हाताने फिरवा. बराच वेळ फिरत राहिलं तर बेअरिंग ठीक. दोन फेऱ्यांत थांबलं तर आधी बेअरिंगवरच्या टोप्यांचे नट बघा. नवखा माणूस ते जीव खाऊन आवळतो. तिथे बेअरिंग फक्त धरून ठेवायचं असतं, चिरडायचं नसतं. दोन्ही बाजूंना सारखं आवळा, चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि टोपी हलता कामा नये.

बाय द वे, २०२४ चं युनिकॉन आमच्याच राज्यात, बेमिजी गावी झालं. एकचाकीचं जागतिक संमेलन, दर दोन वर्षांनी भरतं. मी नवऱ्याला ओढत घेऊन गेले होते. एकचाकीवर बास्केटबॉल, एकचाकीवर हॉकी! साठीचे आजोबा मॅरेथॉनच्या रांगेत उभे होते. ४७ म्हणजे काहीच नाही. आणि तुमची २४ इंची म्हणजे चक्क शर्यतीची मापं. धावपट्टीवरच्या नेहमीच्या शर्यतींना जास्तीत जास्त २४ इंची चाक आणि कमीत कमी १२५ मिलिमीटरचे क्रँक, म्हणजे पेडल आसाला जोडणारे दांडे, असा नियम असतो.

फाटकी छत्री

एकचाकीवर हॉकी? आम्हाला दोन पायांवर जमली नाही.

टोकियोतला तात्या

इथे जपानमध्ये हा विषय निघाला की मला आमची लेक आठवते. प्राथमिक शाळेच्या मैदानाच्या कडेला लोखंडी रॅकवर एकचाक्या टांगलेल्या असतात, जशा आपल्याकडे लेझिमी असायच्या. मधल्या सुट्टीत मुलं येतात आणि उचलून घेऊन जातात. दुसरीतली पोर, दप्तर टाकलं की एकचाकीवर. चौघीजणी हातात हात धरून भिंगरीसारख्या गोल फिरतात. कुणी शिकवत नाही, मोठ्या मुली लहान मुलींना खांदा देतात. आधाराला आडवा लोखंडी बार असतो, त्याला धरून पुढे सरकत राहायचं, बस्स.

त्याला इथे म्हणतात 'इचिरिनशा', म्हणजे एक-चाक-गाडी. लेकीसाठी घ्यायची म्हणून मी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात हा शब्द विचारला, तर विक्रेत्याने अत्यंत अदबीने मला सिमेंट वाहायच्या एकचाकी ढकलगाडीपुढे नेऊन उभं केलं. शब्द दोन्हींना एकच आहे.

निवांत नाना

तात्या, हहपुवा, हसून हसून पुरेवाट. घेतलीत का मग? बायको बसवून ढकलायला बरी.

टोकियोतला तात्या

नाना, ती हे वाचते.

सांगलीकर

राम राम. वडलांचं सायकल दुकान होतं, त्यामुळं चाक म्हटलं की आमचा हात शिवशिवतो. एकचाकी बघून 'दुसरं चाक कुठंय' विचारणारे आम्ही न्हवं. आमच्याकडं सर्कशीची परंपरा हाय राव. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० ला मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली, आणि देवलांची सर्कस तर आमच्या म्हैसाळची.

मी सातवीत असताना गावात एक सर्कस उतरली होती. एक दिवस सकाळी त्यातला एक कलाकार खांद्यावर उंच एकचाकी टाकून दुकानात आला. जिराफ म्हणतात तिला. सीट माझ्या डोक्याच्या वर, पेडलं वर आणि खालच्या चाकाला साखळी. साखळीची एक कडी ताणली होती. आबांनी ती काढून नवी घातली, आणि मग म्हणाले, "आता कॉटर बघू." त्या काळच्या गाड्यांना क्रँक कॉटरवर बसवलेले असायचे. ती पाचर म्हणजे बोटाएवढी लोखंडी पिन, एक बाजू तिरकी. आबांनी कानशीनं तिची तिरकी बाजू घासली, बसवून बघितली, काढली, परत दोन हात घासली. मी म्हटलं, आबा, ठोका की एकदाची. तर म्हणाले, "साध्या सायकलचं कॉटर ढिलं झालं तर पाय सटकतो. हिचं ढिलं झालं तर माणूस." संध्याकाळी आम्हाला खेळाचे चार पास.

आता मुद्द्याचं. टक् दर फेऱ्याला एकदाच येतंय म्हणजे बेअरिंग न्हवं. बेअरिंग खरखरतं. एकदाच येणारा टक् हा क्रँकचा, न्हायतर पेडलचा. तुमच्या गाडीला चौकोनी टोकाचा आस असणार. त्यावर ॲल्युमिनियमचा क्रँक. बोल्टवरची टोपी काढा आणि १४ च्या बॉक्सपान्यानं आवळून बघा. क्रँक ढिला असताना एक फेरीसुद्धा मारू नका. आस पोलादाचा, क्रँक मऊ धातूचा. चौकोनी भोक गोल झालं की कितीही आवळा, परत ढिलं होतं, मग क्रँक गेला भंगारात.

एकपाद

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@मेघना, चाक फिरवलं. बावीस फेऱ्या मोजल्या, मग कंटाळून हाताने थांबवलं. बेअरिंग ठणठणीत.
@सांगलीकर, दोन्ही क्रँक आवळून बघितले. हललेच नाहीत. टक् तसाच आहे. उलट वाढलाय.
@चाकवत, विटेची युक्ती भन्नाट. काल वीस प्रयत्नांत तीनदा चढलो. पेढ्यांचं बघू.
@वास्तववादी, तुम्ही म्हणता तसं चालतोही. एकचाकी सटकली की तिच्या मागे.

उनाड

२४ इंची विका आणि २० इंची घ्या. परत शिकायला तीच बरी. वजनाला हलकी, वळायला सोपी, पडलात तरी कमी उंचीवरून.

चाकवत

@उनाड, असहमत. नव्याने शिकणाऱ्याला २० इंची ठीक. पण ज्याला येतं त्याला ती ठिपक्यांच्या रांगोळीसारखी वाटते, पाय सारखे चालवत राहा आणि पुढे काही सरकत नाही. हिशेब करा. पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एकच फेरी, मध्ये गिअर नाही. २० इंची चाकाचा घेर साधारण १६० सेंटिमीटर, २४ इंचीचा १९१. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर २४ इंचीवर ताशी जेमतेम सात किलोमीटर पडतात, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाच्या किंचित पुढे. २० इंचीवर तोच माणूस तुम्हाला गाठतो आणि वर विचारतो, दुसरं चाक कुठंय.

उनाड

मग ३६ इंची घ्या की! तो इंग्लंडचा एड प्रॅट तिच्यावरून जग फिरून आला. १९ वर्षांचा पोरगा, २०१५ ला निघाला आणि २०१८ ला घरी. सामानासकट, एका चाकावर.

मेघना_मिनेसोटा

३६ चा घेर २८७ सेंटिमीटर. वेग मिळतो, पण एकदा चाक फिरायला लागलं की थांबवणं म्हणजे बैल आवरणं. ते पुढच्या दिवाळीला.

टायरबद्दल एक राहिलंच. एकचाकीचा टायर सगळीकडून सारखा झिजत नाही. चढताना, वळताना, जागच्या जागी मागेपुढे डुलताना क्रँक नेमके त्याच स्थितीत असतात, म्हणून टायरचा तोच भाग जमिनीवर घासतो आणि तिथे टक्कल पडतं. मी दर दोनतीन महिन्यांनी हवा सोडून टायर रिंगवर पाव फेरा सरकवते. टायर दुप्पट चालतो.

हवाही बघा. कमी हवेवर रस्त्याचा उतार जिकडे, चाक तिकडे ओढतं आणि माणूस स्वतःला दोष देतो. टायरच्या कडेवर कमाल आकडा छापलेला असतो. त्याच्या जरा खाली ठेवा.

गुहागरी

स्प्रेबद्दल कान धरले. पण गंजाचं मला विचारा, त्यात आमचा हात कोण धरणार नाही. क्रोमवरच्या ठिपक्यांना जेवणाच्या डब्याची चंदेरी फॉइल घ्या, चुरगळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. काळा लगदा येतो, पुसला की खाली चकचकीत. पॉलिश पेपर लावू नका, क्रोमच निघून जातं. मग तेलाचा पुसट हात. सीटचा दांडा मात्र वर्षातून एकदा पूर्ण बाहेर काढून ग्रीस लावून परत घाला. माझ्या भाच्याच्या सायकलचा दांडा तीन पावसाळे तसाच राहिला, तो फ्रेममध्ये असा जाम झाला की शेवटी करवतीनं कापला.

सौ. खमंग

माफ करा, मला एकचाकीतलं काही कळत नाही, पण फोमचं वाचून आले. नवऱ्याच्या स्कूटरची सीट मी घरीच शिवली होती. जाड फोम दुकानात कापून मिळतो. वरचं रेक्झिन काढताना स्टेपल फोडू नका, चिमट्याने उपटा.

मेघना_मिनेसोटा

सौ. खमंग, अगदी मोलाचं सांगितलंत. जुने एकचाकीवाले अजून एक करतात. फोमऐवजी कव्हरखाली लहान मुलांच्या सायकलची ट्यूब दुमडून घालतात आणि व्हॉल्व्ह बाहेर काढतात. हवी तेवढी हवा भरायची. लांब जायचं असेल तर पुरुषांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

निवांत नाना

म्हणजे चाक पंक्चर झालं तर एक वेळ उतरता येईल. सीट पंक्चर झाली तर काय करायचं?

फाटकी छत्री

लोकांना सांगायचं, दुसरं चाक फुटलं.

वास्तववादी

इतके प्रतिसाद झाले आणि आवाजाचा पत्ता नाही. मी म्हणालो होतो.

सांगलीकर

पत्ता लागतो, थांबा. रात्री झोप न्हाई आली म्हणून सगळा धागा परत पहिल्यापासून वाचला. @एकपाद, तुम्ही लिहिलंय की सायकलवाल्यानं टायर बदलायला चाक काढलं. एकचाकीचं चाक काढल्याशिवाय टायर बदलतच न्हाई, बरोबर. पण मग त्यानं ते बसवलं कसं?

साध्या सायकलचं मागचं चाक उलटं बसवताच येत न्हाई, साखळी एका बाजूला असते. एकचाकीला दोन्ही बाजू आरशातल्या. कशीही बसते.

आता हे करा. डाव्या पायाखालचा क्रँक बघा, आणि पेडलच्या आसाचं टोक बघा, क्रँकच्या आतल्या बाजूनं. तिथं इंग्रजी एल न्हायतर आर कोरलेला असतो. काय दिसतंय ते लिहा. तोवर चालवू नका.

एकपाद

आत्ताच टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये जाऊन आलो. वॉचमन माझ्याकडे बघतोय.

डाव्या पायाखाली आर आहे.

सांगलीकर

सापडला चोर!

सगळ्यांसाठी सांगतो. उजव्या पेडलचे आटे सुलटे असतात आणि डाव्या पेडलचे उलटे. उगीच न्हाई. पुढं चालवताना पेडल आपल्या आसावर जसं फिरत राहतं, त्यानं ते थोडं थोडं आवळलं जावं म्हणून ही योजना. आता चाक उलटं बसलं की उजवं पेडल डावीकडं येतं. पुढं चालवा, आणि प्रत्येक फेरीला दोन्ही पेडलं केसभर उसवत जातात. तुमच्याकडं गंजामुळं तीन दिवस धरून राहिली, चौथ्या दिवशी सुटली. हाच तुमचा टक्. अजून दोन दिवस चालवली असती तर पेडल अर्ध्या आट्यावर लोंबलं असतं आणि तुमच्या वजनानं क्रँकचे आटे साफ ओरबाडून काढले असते.

सायकलवाल्याला बोलू नका. त्यानं आयुष्यात असलं चाक बघितलं न्हवतं, आणि आऊट मात्र फुकट काढून दिला.

चाकवत

दंडवत. साष्टांग. मी पेडलांवर एवढं लिहिलं आणि हे डोक्यात आलं नाही.

टोकियोतला तात्या

सांगलीकर, तुमच्या आबांना नमस्कार सांगा.

सांगलीकर

आबा २०११ ला गेले. सांगतो तरी.

एकपाद

पेडल हाताने हललं! दोन आटे बाहेर आले होते. आता पुन्हा चाक काढायचं म्हणजे त्या टोप्या, ते नट, ते सारखं आवळणं... रविवारी बसतो.

मेघना_मिनेसोटा

@एकपाद, चाक कशाला काढताय? फ्रेम दोन्हीकडून सारखीच आहे ना? सीटचा क्लॅम्प ढिला करा आणि सीट उलटी फिरवा. जी बाजू आत्ता मागे आहे ती पुढे झाली की डावं डावीकडे आलं. फक्त फ्रेमवर पुढच्या बाजूला काही नाव असेल तर ते आता मागे दिसेल. मग दोन्ही पेडलं बाहेर काढून आटे पुसा, ग्रीसचं बोट लावा आणि आवळा. ध्यानात असू द्या, डावं पेडल उलट्या दिशेने आवळतं. सुरुवात पान्याने नाही, बोटांनी करा. तिरकं बसलं तर आटे मरतील.

फाटकी छत्री

म्हणजे आठवडाभर अर्ध्या जगाने डोकं खपवलं, आणि उपाय काय, सीट फिरवा.

निवांत नाना

आमच्या राजकारणात हेच चालतं. गाडी तीच, सीट फिरवली.

संपादक मंडळ

राजकारणावरचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धाग्याचा काश्मीर करू नये.

एकपाद

अपडेट. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व, ऑफिसात मार्च होता.

सीट फिरवायला पन्नास सेकंद लागले. पेडलं आवळायला दहा मिनिटं, कारण डावं मी दोनदा चुकीच्या दिशेने फिरवलं. टक् गेला तो गेलाच. फॉइलने फ्रेम घासली, काळे हात तीन दिवस ऑफिसात लपवले. सौ. खमंग यांच्या सूचनेप्रमाणे स्टेपल उपटले आणि फोम बदलला. मनगटाचे गार्ड आले. त्यांच्यामुळे एकदा वाचलोही, इमारतीच्या मागच्या बाजूला ओल्या पानांवर.

आता दहापैकी सहादा सरळ चढतो. परवा इमारतीला न उतरता एक पूर्ण चक्कर मारली, पावलांनी मोजली तर तीनशे मीटरच्या आसपास. खाली क्रिकेट खेळणारी पोरं बॅटी टाकून मागे पळत होती. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस : 'पार्किंगमध्ये कोणतेही वाहन गोल फिरवू नये.' आमचे सचिव सीसीटीव्ही बघतात. मी उत्तर दिलं की वाहनाला निदान दोन चाकं असतात. अजून वाद चालू आहे.

मुलगी आता अठराची आहे. काल खाली येऊन म्हणाली, "बाबा, धरू का?" मी म्हटलं, मला नको, तू बस. एका हाताने खांब, दुसऱ्या हाताने माझा खांदा. पाच मिनिटांत एक सोललेली नडगी तिच्याही नावावर. आता घरात भांडण आहे ते एकचाकी कोणाची यावर, आणि कपड्यांच्या स्टँडला अजून जागा नाही.

चाकवत

पेढे?

वास्तववादी

अभिनंदन. एक विचारायचं होतं. माझ्या पुतण्याकडे २० इंची पडून आहे. ९४ किलो चालेल का?

सांगलीकर

चालेल. आधी डावीकडं एल हाय का बघा.